ब्रेक लागत नाही म्हणून नुसते शू बदलू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मिरग जवळ आला की तुमच्या पेपरात भाताच्या बियाण्याचे दर येतात, दरडीच्या बातम्या येतात, समुद्रात जाऊ नका म्हणून सूचना येते, ते सगळं मी दरवर्षी वाचतो. पण आपल्याकडे बागांतून आणि कातळाच्या सड्यांवरून अजून ज्या जुन्या फोर व्हील ड्राइव्ह जीपा धावतात त्यांच्या ब्रेकबद्दल कुणी चार ओळी छापल्याचं माझ्या बघण्यात नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. पत्र लांबलंय, जागा नसेल तर कापा, फक्त पॅडलचा जो भाग आहे तो ठेवा, तो कुणाच्या तरी उपयोगाचा आहे.

माझी बाग राजापूर तालुक्यात समुद्राच्या बाजूला आहे. सड्यावरून खाली बागेत उतरायचा रस्ता म्हणजे जांभ्याची वाट, मध्ये एक पऱ्या, पावसात त्याला गुडघ्याएवढं पाणी असतं. अशा जागेला नवीन गाडी कोण घालणार, म्हणून माझ्याकडे एक जुनी डिझेल जीप आहे, चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी ड्रमला आतून शू दाबून थांबवणारी, आणि ती माझं सगळं काम करते. खत नेते, फवारणीचा पंप नेते, आंब्याच्या दिवसांत पेट्या सड्यावर आणते, आणि वर्षातून आठ-दहा वेळा अणुस्कुरा घाटातून कोल्हापूरला जाऊन येते.

तर दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ब्रेक ढिला वाटायला लागला. पूर्वी जिथे पाय ठेवला की गाडी थांबायची तिथे आता पाय दाबून धरायला लागायचा. मी गॅरेजला दाखवली, कुठलं गॅरेज ते लिहीत नाही, त्यांनी मागचे ड्रम खोलले आणि शू संपलेत म्हणून सांगून नवीन टाकले, गणपतीआधी गाडी ओके झाली. पंधरा-वीस दिवस चांगला ब्रेक लागला, मग परत तेच. परत नेली तर म्हणाले मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पॅडलचा दाब ब्रेक ऑईलला देणाऱ्या नळकांड्याचं, किट गेलं असेल, ते बदललं. थंडीत परत तेच, तेव्हा मला ऐकायला मिळालं की काका, जुनी गाडी आहे, ह्या गाड्यांचा ब्रेक असाच असतो, थोडं लांबून मारायचा. मी ते ऐकलं आणि पटवूनही घेतलं. ह्या एका वाक्यासाठीच खरं तर मी हे पत्र लिहितोय, कारण हे वाक्य मी आमच्या तालुक्यात किती जणांच्या तोंडून ऐकलंय त्याचा हिशोब नाही, आणि ते खोटं आहे. जुनी जीप नवीन गाडीसारखी थांबणार नाही हे मान्य, पण ती काल थांबत होती तशी आज थांबत नसेल तर काहीतरी बिघडलंय, वयाचा त्यात काही संबंध नाही.

गेल्या मे महिन्यात कोल्हापूरला पेट्या पोचवून परत येताना मागे पेंडीची पोती भरलेली, बरोबर माझा पुतण्या. अणुस्कुरा उतरायला लागलो, तिसऱ्या गिअरमध्ये, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर पॅडल खाली खाली जायला लागलं, जळका वास सुटला, पुतण्या म्हणतो काका काहीतरी जळतंय. पुढच्या वळणावर गुरं, आणि गुरांच्या मागे दहा-बारा वर्षांचं पोर. मी पॅडल दोन-तीन वेळा मारलं, गिअर दुसऱ्यात टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. मडगार्ड दुमडला, दोन पोती फुटली, बाकी कुणाला काही झालं नाही. ते पोर गुरांना हाकत तसंच खाली गेलं. मला मात्र अजून रात्री कधीतरी जाग येते तेव्हा तेच वळण दिसतं.

त्यानंतर गाडी टो करून राजापुरात एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. चाचांनी पहिल्यांदा पाने हातात घेतलेच नाहीत. आधी मला विचारलं, पॅडल कसं होतं ते सांग, मऊ होतं का दगडासारखं, एकदम गेलं का हळूहळू, दोनदा मारल्यावर वर आलं का. असं मला आधी कुणीच विचारलं नव्हतं. मग खाली वाकून मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं, काळं ओलं लागलं, ते बोटांत चोळून वास घेतला आणि माझ्या नाकाशी धरलं. म्हणाले, "बाबा रे, हे ब्रेक ऑईल नाय, हे गिअर ऑईल हाय. तुझे शू संपत नायत, ते ऑईल पितायत."

ड्रम खोलला तर नवीन टाकलेले शू काळेभोर आणि ओले, लायनरच्या, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थराच्या, आतपर्यंत ऑईल मुरलेलं. अ‍ॅक्सलचं ऑईल सील, म्हणजे ऑईल बाहेर येऊ न देणारं रबरी कडं, गळत होतं. आता सील बदलून मोकळं होणं सोपं होतं, पण चाचा म्हणाले दोन्ही बाजूची सीलं एकदम कशी जातील, आणि त्यांनी अ‍ॅक्सलच्या हाउसिंगवर जो छोटा ब्रीदर असतो तो काढून दाखवला. बोटाच्या पेराएवढी वस्तू, आत लाल माती सिमेंटसारखी बसलेली. होतं काय की गाडी चालली की अ‍ॅक्सलमधलं ऑईल तापतं, आतली हवा फुगते, ती ब्रीदरमधून बाहेर पडायला हवी. ब्रीदर बंद असला की ती हवा ऑईलला सीलमधून बाहेर ढकलते आणि ते ऑईल थेट ब्रेकच्या ड्रममध्ये. उलट तापलेला अ‍ॅक्सल माझ्या पऱ्यासारख्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते, मग गिअर ऑईल चहासारखं दुधाळ होतं. माझं थोडं झालेलंच होतं. म्हणजे मागचे दोन्ही ब्रेक नावापुरते, सगळा भार पुढच्या दोन चाकांवर, मागे पोती, खाली घाट, पुढचे ड्रम तापून फुगले आणि शूपासून लांब गेले, म्हणून पॅडल खाली गेलं. एका मातीने बंद झालेल्या भोकातून हे सगळं सुरू झालेलं, आणि मी एकदा शूचे आणि एकदा किटचे पैसे भरलेले.

चाचांनी ब्रीदर डिझेलमध्ये धुऊन साफ केला, त्याला रबरी नळी लावून ती वर चेसिसपर्यंत नेऊन बांधली म्हणजे परत पऱ्यातलं पाणी-चिखल आत जायला नको, सीलं बदलली, गिअर ऑईल बदललं. ऑईल प्यायलेले शू पेट्रोलने धुऊन पॉलिश पेपर मारून परत घालू का विचारलं तर सरळ नाही म्हणाले, गरम झाले की मुरलेलं ऑईल परत वर येतं, ते शू टाकूनच द्यायचे. ड्रम लेथवर नेऊन बघितले, एकाला खोल चरे होते आणि तो आधीच दोन-तीनदा टर्न झालेला, बऱ्याच ड्रमवर जास्तीत जास्त किती मापापर्यंत घासायचा ते कोरलेलं असतं, त्याच्या पुढे गेला की ड्रम पातळ होतो, लवकर तापतो, आणि नवीन शू त्याला फक्त मधोमध टेकतो. तो ड्रम बदलला. बिल झालं, पण ते बिल मला पहिल्या पावसातच झालं असतं तर चाललं असतं.

आता पॅडलबद्दल, चाचांनी मला जे शिकवलं आणि नंतर मी स्वतः चार-पाच जणांच्या गाड्यांवर करून बघितलं ते लिहितो.

पॅडल स्पंजासारखं मऊ लागत असेल तर ब्रेक ऑईलच्या लाइनमध्ये हवा आहे, ती चाकाच्या मागच्या निपलमधून काढायची. काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे म्हणून आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं, आणि हे करताना वरची ब्रेक ऑईलची बाटली रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर परत हवा. पण हवा आली कुठून हेही बघा, हवा आपोआप येत नाही, कुठेतरी गळती आहे किंवा कुणीतरी काम करताना राहिली आहे.

पॅडल पहिल्यांदा खूप खाली जातं आणि लगेच दुसऱ्यांदा मारलं की वर येऊन टणक होतं, तर बहुतेक शू आणि ड्रममध्ये फट जास्त झालीय, अ‍ॅडजस्ट करायचेत. चाक जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून, दुसऱ्या चाकांना दगड लावून, अ‍ॅडजस्टर फिरवत जायचा, शू घासायला लागला की थोडा मागे घ्यायचा म्हणजे चाक मोकळं फिरलं पाहिजे. काही जीपांना मागच्या प्लेटवर बोल्ट असतो, काहींना आत दातेरी चकती असते. जुन्या गाड्यांना हे हातानेच करावं लागतं, आपोआप होत नाही, आणि अर्ध्या तक्रारी ह्या एवढ्यावरच मिटतात असा माझा तरी अनुभव आहे.

पॅडलवर पाय एकसारखा दाबून धरला आणि ते हळूहळू जमिनीकडे सरकत गेलं, बाहेर कुठेच गळती नाही, तर मास्टर सिलिंडरच्या आतला रबर गेलाय, ऑईल आतल्या आत मागे फिरतंय. हे दिसलं तर गाडी घाटात न्यायचीच नाही. बऱ्याच जुन्या जीपांना ब्रेक ऑईलचं एकच सर्किट असतं, म्हणजे एका चाकाचा पाइप फुटला तरी चारही चाकांचा ब्रेक जातो, नंतरच्या गाड्यांना दोन सर्किट आली म्हणून निदान अर्धा ब्रेक उरतो. आपली गाडी कुठली ते मालकाला माहीत पाहिजे.

पॅडल दगडासारखं टणक आणि गाडी थांबत नाही, तर बूस्टरकडे, म्हणजे व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याकडे, बघा, असेल तर. इंजिन बंद करून पॅडल पाच-सहा वेळा मारा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा, पाय थोडा खाली गेला तर बूस्टर ठीक, काहीच हललं नाही तर व्हॅक्यूम मिळत नाही किंवा बूस्टर गेलाय. जिप्सीसारख्या पेट्रोल गाडीला व्हॅक्यूम इंजिनच्या मॅनिफोल्डमधून मिळतो, पण डिझेलला तो मिळत नाही म्हणून वेगळा पंप असतो, बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. तिथून बूस्टरला जाणारी नळी उन्हाने आणि ऑईलने चिरते, ती बदलायला दहा मिनिटं लागतात आणि लोक बूस्टर बदलून बसतात.

गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढत असेल तर एका बाजूचा शू ओला आहे किंवा शू ढकलणारा व्हील सिलिंडर जाम आहे किंवा चाकाकडे जाणारा रबरी होज आतून सुजलाय. सुजलेला होज ऑईल आत जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, मग ते चाक धरूनच राहतं आणि तापतं. पाच-दहा किलोमीटर चालवून चारही ड्रमच्या जवळ हात नेऊन बघा, हात लावू नका, नुसता जवळ न्या, एकच चाक भट्टी झालेलं असेल किंवा एकच गार असेल तर उत्तर तिथेच आहे.

ब्रेक ऑईल म्हणतात म्हणून त्यात कुठलंही ऑईल चालत नाही हे परत परत सांगायला हवं. मी माझ्या डोळ्यांनी बाटलीत इंजिन ऑईल ओतताना बघितलंय, त्याने आतले सगळे रबर फुगतात आणि पूर्ण सिस्टीम खोलावी लागते. गाडीतल्या ब्रेक ऑईलच्या बाटलीवर डॉट ३ किंवा डॉट ४, म्हणजे ऑईलचा जो ग्रेड, लिहिलाय तोच घाला, आणि दुकानातून सीलबंद बाटली घ्या, कारण हे ऑईल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ नवीन असताना निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी ओढून जुनं झालं की ही मर्यादा १४० पर्यंत खाली येते, आणि घाटात उकळलं की वाफ होते आणि पॅडल रिकामं जातं. आपल्या कोकणातली पावसाळ्यातली दमट हवा काय असते ते मी सांगायला नको, मीठसुद्धा डब्यात पाणी होतं. दोन वर्षांनी ते पूर्ण काढून नवीन भरावं, वरून टॉप अप करत राहू नये.

समुद्राचं तर वेगळंच. सुट्टीत मुंबई-पुण्याची पोरं मोठमोठ्या जीपा घेऊन येतात आणि थेट वाळूत, लाटेत घालतात, आणि ती बघून आमचीही घालायला लागलीत. खाऱ्या पाण्याने ब्रेकचे लोखंडी पाइप क्लिपच्या खाली गंजतात, तिथे दिसत नाही, क्लिप सोडवून बघावं लागतं. वाळूत गेलेली गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुतलीच पाहिजे, पण तापलेल्या ड्रमवर एकदम गार पाणी मारू नका, वाकतो. आणि पाण्यातून बाहेर आल्यावर ड्रममध्ये पाणी असतं, ब्रेक धरत नाही, तेव्हा लगेच वेग न घेता पहिल्या गिअरमध्ये ब्रेक हलका दाबून थोडं अंतर चालवायची म्हणजे शू वाळतात. पऱ्या ओलांडून लगेच उतार असेल तर हे करायलाच पाहिजे. मोठे टायर घालायची जी हौस आहे तिच्याबद्दलही सांगतो, २८ इंची टायरच्या जागी ३१ इंची घातला की तेवढ्याच पायाच्या जोराला गाडी साधारण दहा टक्के कमी थांबते, आणि स्पीडोमीटरही तेवढाच कमी दाखवतो. ब्रेक तेच ठेवून टायर वाढवणं मला तरी पटत नाही.

आणि डिझेल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रल करणं, काही जण तर इंजिनच बंद करतात, हे कृपा करून थांबवा. इंजिन बंद म्हणजे व्हॅक्यूम पंप बंद, बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा पुरेल एवढाच व्हॅक्यूम शिल्लक असतो, त्यानंतर पॅडल दगड. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा असं आमचे वडील सांगायचे, ते भरलेल्या गाडीला आजही तेवढंच लागू आहे. मी त्या दिवशी तिसऱ्यात होतो, दुसऱ्यात असतो तर पुढचे ड्रम तेवढे तापले नसते, ही चूक माझी.

कुणी म्हणेल एवढा काय फरक पडतो थोडा ब्रेक कमी असला तर. ताशी ४० च्या वेगाला कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक असलेली जीप साधारण दहा-अकरा मीटरमध्ये थांबते, ब्रेक निम्मा झाला तर एकवीस-बावीस लागतात, आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर त्यातच अकरा मीटर गाडी पुढे गेलेली असते, ते वेगळं. म्हणजे तीन जीपा एकामागे एक उभ्या केल्या तर होईल एवढं अंतर जास्त. त्या वळणावर ते पोर माझ्यापासून किती लांब होतं ते मी मोजलेलं नाही, पण एवढं नक्कीच नव्हतं.

आता माझी मागणी. खाजगी गाडीला १५ वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करताना तपासतात आणि मग ते ५ वर्षं चालतं. ह्या ५ वर्षांत ५ पावसाळे येतात आणि कुणी बघत नाही. तेव्हा ज्या तालुक्यांत अशा जीपा आहेत तिथे मिरगाआधी एखादा रविवार आयटीआयच्या पोरांनी आणि जुन्या मिस्त्रींनी मिळून ब्रेक तपासणी ठेवावी, डोळ्यांचं शिबिर ठेवतात तसं. दंड करायला नको, कागद बघायला नको, नुसतं चाक उचलून दाखवायचं आणि मालकाला सांगायचं हे बघ इथे गळतंय. चाचांसारखे मिस्त्री आता सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांच्या हाताखाली शिकणारं कुणी नाही, नवीन पोरांना कॉम्प्युटर लावून बिघाडाचा कोड वाचता येतो पण ह्या गाड्यांना कोडच नाही, त्यांना वासावरून आणि बोटावरून ओळखावं लागतं, आणि हे शिकवायचं असेल तर आत्ताच शिकवायला पाहिजे.

गॅरेजवाल्यांनाही एक विनंती, राग मानू नका. ब्रेकचं काम केलं की काढलेला जुना शू किंवा सील गिऱ्हाइकाला दाखवा आणि बिलावर काय बदललं त्याच्या खाली का बदललं ते एक ओळ लिहा. शू ऑईलने गेला असेल तर ऑईल कुठून आलं ते शोधल्याशिवाय नवीन घालू नका. आणि गिऱ्हाइकांनी ते शोधायचे पैसे द्यायला कुरकुर करू नये, कारण आपण पार्टचे पैसे गपचूप देतो आणि मिस्त्रीच्या दोन तासांच्या डोक्याचे पैसे द्यायला घासाघीस करतो, मीही केलेली आहे.

ह्या रविवारी आमच्या वाडीतल्या तीन जीपा माझ्या अंगणात येणार आहेत, दोघांचे ब्रीदर नक्की बंद असणार, एकाचा हँडब्रेक धरत नाही. त्याचा हँडब्रेक चाकावर नसून ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीच्या, मागे शाफ्टवर आहे, तिथलंही सील गळलं की तोही असाच ऑईल पितो, तेव्हा तेही बघायचंय. चाचा येतो म्हणालेत. जवळपासच्या कुणाची गाडी असेल तर सकाळी लवकर घेऊन या, ड्रम खोलायच्या आधी फोटो काढायला मोबाईल बरोबर असू द्या, कारण एकाच ड्रममधला पुढचा शू आणि मागचा शू सारखा नसतो आणि परत बसवताना घोटाळा होतो.

आपला नियमित वाचक,
एक बागायतदार, ता. राजापूर, जि. रत्नागिरी